फाइलीतला आकडा कुठून मोजलाय?

इंदूरला सुदामा नगरातल्या आमच्या घरी संध्याकाळी कुणी दवाखान्याची फाइल घेऊन आलं की मी आधी चहा टाकते आणि मग चष्मा शोधते. प्रसूतीच्या आणि नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी अठ्ठावीस वर्षं गेली. आता निवृत्त आहे, पण फाइली येतातच. कुणाच्या सुनेची, कुणाच्या पुण्याहून बाळंतपणाला आलेल्या लेकीची, कुणाच्या नातवाची. या सगळ्यांना वाटतं, इंग्रजी अवघड आहे म्हणून आपल्याला कळत नाही. माझा अनुभव वेगळा आहे. फाइलीतल्या बहुतेक शब्दांच्या मागे एक आकडा असतो, आणि तो आकडा कुठून मोजला, कशाशी ताडून पाहिला, हे सांगायला गर्दीत कुणाला वेळ नसतो. घोळ होतो तो तिथे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. ओपीडीत एक नवी सून, सासूबाई आणि नणंद अशा तिघी आल्या होत्या. लग्नाला पाच आठवडे झालेले आणि सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलेलं, सात आठवडे. सासूबाईंनी तिथेच बाकावर बसून बोटांची पेरं मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. मग सुनेकडे न बघता मला विचारलं, "सिस्टर, हे सात कसे?" त्या मुलीच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा अजून होता. ती काही बोलली नाही, एकेक बांगडी कोपराकडे सरकवत राहिली.

गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. फाइलीत त्याला एलएमपी म्हणतात. गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे कुणालाच दिसत नाही, पाळीची तारीख मात्र बाईला आठवते, म्हणून जगभर ही रीत पडली. पाळी 28 दिवसांनी येत असेल तर गर्भ राहतो साधारण दोन आठवड्यांनंतर. म्हणजे हिशेबातल्या पहिल्या दोन आठवड्यांत पोटात काहीच नसतं, तरी ते मोजले जातात. मी सासूबाईंना भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी नेलं. सुनेची पाळी लग्नाच्या दोन आठवडे आधी आली होती. ते दोन आणि लग्नानंतरचे पाच. सासूबाईंनी पुन्हा पेरं मोजली, या वेळी कॅलेंडरवर बोट ठेवून. मग काही न बोलता सुनेच्या हातातली जड पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली.

हाच एलएमपी धरून बाळंतपणाची तारीख काढतात, ती ईडीडी. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी 10 जानेवारीला आली असेल तर तारीख 17 ऑक्टोबर. एकूण 280 दिवस, चाळीस आठवडे. आपल्याकडे आज्या "नऊ महिने नऊ दिवस" म्हणत आल्या आहेत, त्यात आणि यात दोनच दिवसांचा फरक आहे. पण ही तारीख म्हणजे आगगाडीची वेळ नाही. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं, म्हणजे प्रीटर्म. 37 पासून 42 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला पूर्ण दिवसांचं म्हणतात, आणि 42 उलटले तर दिवस जास्त झाले.

घरात आपण महिन्यांत बोलतो, डॉक्टर आठवड्यांत. "आठवा लागला" म्हणजे सात पूर्ण झाले. ते ऐकणाऱ्याला आठ पूर्ण झाल्यासारखे वाटतात, आणि इथेच चार आठवड्यांची गफलत होते. दुखायला लागल्यावर दवाखान्यात फोन कराल तेव्हा आठवडेच सांगा. 33 आठवडे आणि 37 आठवडे यांत बाळाच्या फुप्फुसांच्या दृष्टीने खूप अंतर आहे.

आणखी एका गोष्टीने घरं घाबरतात. तारखेनुसार 36 आठवडे झालेत आणि नव्या सोनोग्राफीत 34 लिहिलंय. तारीख बदलली का? नाही. शेवटच्या महिन्यांतली सोनोग्राफी डोकं, पोट, मांडीचं हाड मोजते आणि एवढ्या मापाचं बाळ सरासरी किती आठवड्यांचं असतं ते छापते. ते बाळाचं माप आहे, वय नाही. वय ठरवायला पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यांत भरवशाची, कारण तेव्हा सगळी बाळं जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात. पाळी अनियमित असेल तर ती सोनोग्राफी चुकवू नका आणि तो कागद जपून ठेवा. नंतर माप मागे पडलेलं दिसलं तर विचारायचा प्रश्न असा, "बाळाची वाढ कमी आहे का, की ते बांध्यानेच लहान आहे?" डॉक्टर त्यासाठी पुन्हा माप घेतील, नाळेतला रक्तपुरवठा पाहतील.

आता फाइलीच्या पहिल्या पानावरची अक्षरं. जी, पी, एल, ए आणि प्रत्येकापुढे आकडा. जी म्हणजे आत्ताचं धरून एकूण किती वेळा दिवस राहिले. पी म्हणजे आधी किती बाळंतपणं झाली, एल म्हणजे आज हयात मुलं किती. जुळं झालं असेल तर पी एक आणि एल दोन. आणि ए म्हणजे अबॉर्शन.

या एका अक्षराने किती बायकांना किती सोसायला लावलं, ते मी पाहिलंय. बाळ बाहेर जगू शकेल त्याच्या आधीच गर्भ गेला, तर वैद्यकाच्या भाषेत ते अबॉर्शनच. तो आपोआप गेला की कुणी पाडला, हा फरक ते अक्षर करत नाही. बोलीत मात्र अबॉर्शन म्हणजे पाडून घेतलेलं मूल. दुसऱ्यांदा दिवस राहिलेल्या एका मुलीच्या फाइलीवर ए च्या पुढे 1 पाहून तिची मोठी जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "हे कधी केलंस गं?" दोन वर्षांपूर्वी त्या मुलीचा गर्भ नवव्या आठवड्यात आपोआप गेला होता. तिने घरात एवढंच सांगितलं होतं की पाळी लांबली होती. असं पुष्कळ होतं. लक्षात आलेल्या गर्भारपणांपैकी शंभरात दहा ते वीस आपोआप थांबतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत गेलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांची गुणसूत्रंच नीट जुळलेली नसतात. जिना चढल्याने, रिक्षात बसल्याने, सणाचा स्वयंपाक केल्याने असं होत नाही. माझी डॉक्टरांना आणि सिस्टर मंडळींना विनंती आहे, ते अक्षर लिहिताना तोंडाने "आपोआप गेलेला" हे दोन शब्द सोबतच्यांना ऐकू जातील असे म्हणा.

बाळात डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता किती, ते पाहायला अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी, आणि रक्ताची डबल मार्कर तपासणी करतात. रिपोर्टवर लाल अक्षरांत "हाय रिस्क, 1:180" असं आलं की घरात चूल पेटत नाही. हा आकडा काय सांगतो? अशाच रिपोर्टच्या 180 बायका एका ओळीत उभ्या केल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळात तो दोष सापडेल, 179 जणींच्या नाही. 250 मध्ये एक यापेक्षा जास्त शक्यता दिसली की बहुतेक ठिकाणी हाय रिस्क छापतात, म्हणजे पुढची तपासणी सुचवतात. ही चाळणी आहे, निदान नाही. निदान करायला गर्भजलाची किंवा वारेच्या पेशींची तपासणी लागते. लो रिस्क आलं म्हणजे दोष अशक्य आहे, असंही नाही. म्हणून पाचव्या महिन्यातला, 18 ते 20 आठवड्यांचा, बाळाचे अवयव तपासणारा अ‍ॅनोमली स्कॅन करायचाच.

बाकीचे शब्द फार वेळ खाणारे नाहीत. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे गर्भारपणातला अ‍ॅनिमिया. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी त्यासाठीच असते, ती चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर 140 किंवा जास्त आली तर गर्भारपणातला मधुमेह. विसाव्या आठवड्यात "प्लॅसेंटा खाली" असं लिहिलं असेल तर बहुतेकींची वार पुढे वर सरकते, पुन्हा पाहण्याची तारीख तेवढी लक्षात ठेवा. सेफॅलिक म्हणजे डोकं खाली, ब्रीच म्हणजे पायाळू.

बाळ जन्मलं की फाइलीत येतं, "अपगार 8/9". एक आजोबा मला म्हणाले होते, "नऊपैकी आठ, म्हणजे चांगले आहेत ना?" नऊपैकी नाही, तो आकडा दहापैकी असतो आणि दोनदा घेतलेला असतो. जन्मल्यावर एका मिनिटाला आठ आणि पाच मिनिटांना नऊ. रंग, हृदयाचे ठोके, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद, हातापायांतला जोर आणि श्वास, या पाचांना शून्य ते दोन गुण. 1952 साली अमेरिकेत व्हर्जिनिया अपगार नावाच्या भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी ही पद्धत काढली, कारण तोवर जन्मल्या क्षणी सगळ्यांचं लक्ष आईकडे असे आणि बाळ बाजूला पडे. पहिल्या मिनिटाला दहापैकी दहा क्वचितच मिळतात, हातपाय थोडे निळसर असतातच. पुढे मूल हुशार निघेल की नाही, याचा या आकड्याशी संबंध नाही.

काविळीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. पुष्कळ बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळी दिसतात. जन्मतः त्यांच्या तांबड्या पेशी जास्त असतात, त्या फुटतात, आणि त्यांतून निघणारं बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य बाहेर टाकायला यकृत अजून सरावलेलं नसतं. रिपोर्टमध्ये बिलिरुबिन 12 आलं, हे जास्त की कमी? नुसत्या आकड्यावरून उत्तर देता येत नाही, बाळ किती तासांचं आहे ते आधी विचारावं लागतं. पूर्ण दिवसांच्या, नीट दूध पिणाऱ्या, चार दिवसांच्या बाळाचं 12 आलं तर डॉक्टर बहुधा लक्ष ठेवू म्हणतील. वीस तासांच्या बाळाचं तेवढंच आलं तर धावपळ होईल आणि ती योग्यच असेल. पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ कधीच सोडून द्यायची नाही. तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेनासं झालं, झोपेतून उठेना, तर रात्र असली तरी निघा.

"कोवळ्या उन्हात धरा" हा सल्ला आमच्या गल्लीत अजून दिला जातो. त्यामागची गोष्ट एका नर्सची आहे, म्हणून मला ती प्रिय आहे. 1956 साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड कमी दिवसांच्या बाळांना बाहेर उन्हात नेत. एका बाळाची कांती ऊन लागलं तिथे फिकी झाली आणि चादरीने झाकलेला तेवढा भाग पिवळा राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. आजच्या निळ्या दिव्यांचा उपचार तिथून निघाला. त्या दिव्यांचा प्रकाश मोजून देता येतो, ऊन मोजून देता येत नाही. उन्हाने कातडी भाजते, उघडं बाळ गारठतं, आणि मुख्य म्हणजे चार दिवस वाया जातात.

वजनाचंही तसंच. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि दहा ते चौदा दिवसांत परत जन्माइतकं होतं. तीन किलोचं बाळ चौथ्या दिवशी दोन किलो आठशे भरलं म्हणून वरचं दूध सुरू करायची गरज नसते. चिकाचं दूध थोडं असतं, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. घुटी, मध, पाणी काही नको. मधातून तर वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते.

समोरच्या घरातला नातू 32 आठवड्यांचा जन्मला. एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या खास कक्षात, काचेच्या पेटीत होता, मग आईच्या छातीशी, कांगारूसारखा. सगळं नीट झालं आणि तो घरी आला. आठव्या महिन्यात त्याची आजी माझ्याकडे आली. "नणंदेची नात त्याच्याच वयाची, बसते, टाळ्या वाजवते. आमचा अजून कलंडतो." मी म्हटलं, काकू, तो आठ महिन्यांचा कुठून धरलात? जन्मतारखेपासून. पण तो आठ आठवडे आधी आला. पोटात राहिला असता तर त्या आठ आठवड्यांत त्याने उशी धरून बसायचा सराव केला नसता, तो नुसता वाढला असता. ते आठ आठवडे वजा केले की तो सहा महिन्यांचा, आणि सहाव्या महिन्यात कलंडणारी बाळं घरोघरी असतात. याला करेक्टेड एज म्हणतात, दुरुस्त केलेलं वय. वाढ आणि विकास पाहताना दोन वर्षांपर्यंत हेच वय धरायचं. लसींची तारीख मात्र जन्मापासूनच मोजायची, तिथे आठवडे वजा करून लस पुढे ढकलू नका. काकूंनी ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि नणंदेला फोनवर वाचून दाखवलं.

वाढीच्या तक्त्यावरच्या वाकड्या रेघा पाहून आईबापांना शाळेचे मार्क आठवतात. पंधरावा पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी पंधरा गुण, नापास. तसं नाही. एकाच वयाची शंभर निरोगी मुलं वजनाप्रमाणे ओळीत उभी केली, तर आपलं मूल खालून पंधरावं आहे, एवढाच त्याचा अर्थ. कुणीतरी पंधरावं असणारच. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे तक्ते सहा देशांतल्या मुलांवरून केले आहेत, त्यांत दक्षिण दिल्लीची मुलंही होती. तेव्हा "हे गोऱ्यांचं माप आहे" हेही खरं नाही. मी एका ठिपक्याकडे बघत नाही, ठिपके जोडून झालेली रेघ बघते. पंधराव्यावर महिनोन्‌महिने चालणारं मूल आपल्या वाटेवर आहे. पंचाहत्तराव्यावरून पंचविसाव्यावर घसरलेलं मूल गुटगुटीत दिसत असलं तरी त्याला दाखवा. आणि वजन एकाच काट्यावर घ्या, कपडे काढून. थंडीत स्वेटर, टोपडं, पायांत चांदीचे वाळे अशा थाटात घेतलेल्या वजनावरून मी काय सांगणार?

एक वर्षानंतर सगळ्या आयांची एकच तक्रार असते, "खातच नाही." पाचव्या महिन्यात वजन दुप्पट, वर्षाला तिप्पट, असा पहिल्या वर्षाचा वेग असतो. दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलो वाढतात. वाढ मंदावली की भूकही मंदावते. मोबाइल दाखवून घास कोंबू नका.

चालण्याबद्दल तर घराघरात स्पर्धा असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागली ती सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. सुमारे चार टक्के मुलं रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. माइलस्टोन म्हणजे मैलाचा दगड, पण विकासात तो दगड नसून लांबलचक खिडकी असते. खिडकीच्या आत असेल तर भाचीशी तुलना नको. खिडकी संपली की मात्र "याचे बाबाही उशिरा बोलले" म्हणत बसू नका. वर्षाचं मूल नावाने हाक मारली तरी वळत नाही, सोळा महिन्यांत एक अर्थाचा शब्द नाही, दीड वर्षात चालत नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात विसरलं, तर दाखवायचं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी तपासणी सरकारी यंत्रणेतून मोफत होते आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. अंगणवाडीत विचारलं तरी वाट कळते.

फाइलीत आईचं पान सगळ्यांत आधी संपतं. टाके वाळले, दूध येतंय, बस्स. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, मालीश, सगळं होतं, आणि ती रडत असते. इथेही दिवस मोजा. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडणं हे पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांपुढे गेलं, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, आपण नकोच असं वाटतं, तर ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आहे आणि त्यावर उपचार आहेत. दूध पाजतानाही चालतील अशी औषधं डॉक्टर देऊ शकतात. जिवाचं बरंवाईट करण्याचा किंवा बाळाला इजा करण्याचा विचार बोलून दाखवला, भलतंच काही ऐकू-दिसू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर रात्रीबेरात्रीही लागतो. सव्वा महिना तिने बाहेर पडायचं नाही, ही रीत पाळणारी घरं आमच्याकडे आजही आहेत. त्या घरांत हा फोन सासूने किंवा नवऱ्याने लावून तिच्या हातात द्यायचा असतो.